ऊर्जासंकटात पर्यावरण गट ज्ञानाचा वापर कसा करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेल तुटलं, गॅस महागला, वीज गेली, की ‘पर्यावरणाचं आता नंतर बघू’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्या वाक्याला मोजमाप, हिशेब आणि कायदा हाताशी घेऊन उत्तर देणारे गट जगभर आहेत. त्यांच्या कामाबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

संकट म्हणजे इथे नेमकं काय धरायचं?

१९७३ चा तेलकोंडीचा धक्का, चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा (२०११) इथले अणुअपघात, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपात आटलेला रशियन गॅस, कोळशाअभावी होणारं भारनियमन, वादळात कोलमडलेलं वीजजाळं हे सगळं त्यात येतं. कारणं निरनिराळी असली तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. एरवी वर्षानुवर्षं रेंगाळणारे निर्णय काही आठवड्यांत उरकले जातात.

संकटात धोरण एवढ्या झटपट का बदलतं?

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन किंग्डन यांनी १९८४ मध्ये यावर एक मांडणी केली. समस्या, तोडगे आणि राजकीय इच्छा हे तीन प्रवाह एरवी आपापल्या वाटेने वाहत असतात. संकटात ते एकत्र येतात आणि थोड्या काळासाठी धोरणाची खिडकी उघडते. त्या वेळी नवा अभ्यास करायला कोणालाच सवड नसते. ज्याच्याकडे तोडगा आधीच तयार असतो, त्याचंच ऐकलं जातं.

खिडकी मात्र सगळ्यांसाठी उघडते, हे विसरून चालत नाही. जर्मनीत फेब्रुवारी २०२२ पर्यंत द्रवरूप गॅस उतरवून घेणारं एकही टर्मिनल नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात अशा टर्मिनलना झटपट परवानगी देणारा कायदा झाला आणि डिसेंबरमध्ये विल्हेल्म्सहाफेन बंदरात पहिलं तरंगतं टर्मिनल सुरूही झालं. याच कायद्याने टर्मिनलना गॅससाठी २०४३ च्या अखेरपर्यंत चालण्याची मुभा दिली. टंचाई दोन हिवाळ्यांची आणि परवाना वीस वर्षांचा! माझ्या मते पर्यावरण गटांचं संकटातलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे: प्रत्येक तातडीच्या निर्णयावर ‘हे किती वर्षांसाठी?’ असं विचारायचं आणि त्याचं उत्तर मोजून दाखवायचं.

या गटांकडे ज्ञान येतं कुठून? त्यांच्याकडे शास्त्रज्ञ असतात का?

असतात, आणि बऱ्याचदा ते आंदोलनातूनच आलेले असतात. पश्चिम जर्मनीत व्हिल गावाजवळ होऊ घातलेल्या अणुप्रकल्पाची जागा १९७५ मध्ये शेतकऱ्यांनी आणि द्राक्षबागायतदारांनी ताब्यात घेतली. सरकारी तज्ज्ञ जे सांगतील ते ऐकून घेण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही, ही त्या चळवळीची मोठी अडचण होती. त्यातून १९७७ मध्ये फ्रायबुर्गला ‘ओको-इन्स्टिट्यूट’ ही संशोधन संस्था उभी राहिली. तेल आणि युरेनियम यांच्याशिवायही देशाची भरभराट होऊ शकते, हे आकड्यांनिशी मांडणारा अभ्यास तिने १९८० मध्ये प्रसिद्ध केला. ‘एनर्जीवेंडे’ (ऊर्जेची वाट बदलणं) हा आज जगभर वापरला जाणारा शब्द त्या अभ्यासामुळे रूढ झाला. त्यातले तोडगे सरकारी धोरणात उतरायला दोन दशकं आणि चेर्नोबिलचा अपघात लागला.

अमेरिकेतही असंच घडलं. तेलाच्या धक्क्यानंतर तिथे मोठी वीजकेंद्रं भराभर बांधण्याची भाषा सुरू होती. त्या काळात ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या पर्यावरण संघटनेसाठी काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ अमोरी लोव्हिन्स यांनी १९७६ मध्ये ‘फॉरिन अफेअर्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. लोकांना किलोवॅट हवे नसतात, ऊब, उजेड आणि प्रवास हवा असतो. मग तेच कमी ऊर्जेत देता येईल का, असा त्याचा रोख होता. परराष्ट्र धोरण वाचणाऱ्या मंडळींपर्यंत तो लेख पोचला. निदर्शनांमधून हे साधलं नसतं.

म्हणजे ज्ञान म्हणजे आकडेवारी आणि अहवालच का?

नाही, आणि इथेच लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. अहवाल हा एक प्रकार झाला. स्वतः मोजणं हा दुसरा प्रकार. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण संकटात सरकारकडचे आकडे उशिरा येतात, अर्धवट येतात किंवा येतच नाहीत.

चेर्नोबिलनंतर किरणोत्सर्गी ढगाचा आपल्या देशाला धोका नाही, अशी ग्वाही फ्रान्समधली अधिकृत यंत्रणा देत होती. तेव्हा मिशेल रिवासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच ‘क्रीराद’ ही स्वतंत्र प्रयोगशाळा काढली आणि माती व अन्नाचे नमुने स्वतः तपासायला सुरुवात केली.

पंचवीस वर्षांनी जपानमध्ये लोकांनी हेच काम आणखी मोठ्या प्रमाणावर केलं. फुकुशिमानंतर काही दिवसांतच ‘सेफकास्ट’ हा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. बाजारातले गायगर काउंटर संपले होते, म्हणून त्यांनी स्वतःच यंत्र जुळवलं. हाती मावेल एवढ्या डब्यात किरणोत्सर्ग मोजणारी नळी, जीपीएस आणि मेमरी कार्ड. हा डबा गाडीच्या खिडकीबाहेर बांधायचा आणि नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवत राहायचं. दर पाच सेकंदांनी एक नोंद होते: जागा, वेळ, मात्रा. सरकारी नकाशा अपघातस्थळाभोवती वर्तुळं काढून लोकांना हलवत होता. प्रत्यक्षात किरणोत्सर्ग वाऱ्यापावसाबरोबर पसरला होता. त्यामुळे वर्तुळाच्या आतली काही ठिकाणं तुलनेने स्वच्छ होती आणि बाहेरची काही दूषित. रस्त्यारस्त्यावरच्या नोंदींमध्ये हा फरक दिसू लागला. सगळी माहिती कोणालाही वापरता येईल अशी खुली ठेवल्यामुळे ती तपासताही येत होती.

तिसरा प्रकार म्हणजे करून दाखवलेलं ज्ञान. कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या आद्हुंतास गावात ‘कासा पुएब्लो’ या संस्थेच्या छतावर १९९९ पासून सौर पॅनेल होते. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने बेटाचं सगळं वीजजाळं मोडलं. काही घरांना पुन्हा वीज मिळायला जवळपास वर्ष गेलं. या संस्थेत मात्र दिवे लागत होते. लोक तिथे फोन चार्ज करायला आणि श्वसनाची यंत्रं चालवायला येऊ लागले. बेटावरची वीज दूरच्या मोठ्या केंद्रांऐवजी छताछतांवरून यावी, हा युक्तिवाद त्यानंतर कागदावरचा राहिला नाही. २०१९ मध्ये प्वेर्तो रिकोने २०५० पर्यंत शंभर टक्के नवीकरणीय विजेचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी फार रखडली आहे, तरी मागणीला कायद्याचा आधार मिळाला.

२०२२ च्या युरोपातल्या गॅससंकटात नेमकं काय झालं?

२०२१ मध्ये युरोपीय संघाच्या गॅस आयातीपैकी सुमारे ४५ टक्के रशियाकडून येत होती. युद्ध सुरू झालं आणि सगळ्या राजधान्यांत एकच प्रश्न होता: हा गॅस आणायचा कुठून? गॅसउद्योगाचं उत्तर तयार होतं: दुसरीकडून आणा.

मार्च २०२२ मध्येच ‘एम्बर’, ‘ई३जी’, ‘बेलोना’ आणि ‘रॅप’ या चार संस्थांनी मिळून एक छोटा दस्तऐवज काढला. रशियन गॅसची सुमारे दोन-तृतीयांश आयात २०२५ पर्यंत फक्त स्वच्छ वीज आणि ऊर्जाबचत यांच्या जोरावर भरून काढता येईल, असा त्यांचा हिशेब होता. घरांचं उष्णतारोधन किती, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र) किती, पवन आणि सौर किती, अशी त्यात फोड होती. प्रश्नच बदलल्यामुळे हा कागद उपयोगी पडला. ‘गॅस कुठून आणायचा?’ याऐवजी ‘गॅस लागतो किती?’ असं तो विचारत होता.

दुसरीकडे ‘क्रिया’ या संशोधन संस्थेने रशियाच्या इंधननिर्यातीची मोजणी सुरू केली. जहाजांच्या हालचाली, पाइपलाइनमधला प्रवाह आणि बाजारभाव जुळवून युद्धाच्या पहिल्या शंभर दिवसांत रशियाने ९३ अब्ज युरो कमावल्याचं आणि त्यातला ६१ टक्के माल युरोपीय संघाने घेतल्याचं तिने दाखवलं. एका बाजूला युक्रेनला मदत आणि दुसऱ्या बाजूला हे पैसे, ही विसंगती भाषणांतून जेवढी जाणवत नव्हती तेवढी या आकड्यांमुळे जाणवली. हवामानाचा मुद्दा त्यामुळे सुरक्षेच्या चर्चेत आला आणि तो एकट्या पर्यावरणवाल्यांचा राहिला नाही.

मे २०२२ च्या ‘रीपॉवर-ईयू’ योजनेत बचत, नवीकरणीय ऊर्जा आणि गॅसचे नवे स्रोत असं तिन्ही आलं. जुलैमध्ये सदस्य देशांनी गॅसवापर १५ टक्क्यांनी कमी करण्याचं ठरवलं आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त कपात झाली. त्याचं श्रेय फक्त अभ्यासांना देणं खोटं ठरेल. भडकलेले दर, बंद पडलेले कारखाने आणि सौम्य हिवाळा यांचाही वाटा मोठा होता.

एकाच प्रश्नावर दोन अभ्यास उलट निष्कर्ष कसे काढतात?

याचं उदाहरण म्हणजे जर्मनीतलं ल्युत्सेराथ हे गाव. त्याच्याखाली तपकिरी कोळसा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकार आणि आरडब्ल्यूई ही ऊर्जा कंपनी यांच्यात करार झाला. त्या भागातला कोळसा २०३८ ऐवजी २०३० मध्ये बंद होणार होता, पण हे गाव मात्र पाडायचं होतं. गॅसटंचाईमुळे हा कोळसा लागणारच, असं राज्य सरकारच्या सल्लागारांचं म्हणणं होतं. आधीच खुल्या असलेल्या भागातला कोळसा पुरेसा आहे, असं बर्लिनच्या डीआयडब्ल्यू या आर्थिक संशोधन संस्थेशी संबंधित संशोधकांनी दाखवलं. जानेवारी २०२३ मध्ये पाचशेहून जास्त शास्त्रज्ञांनी स्थगिती मागणारं पत्र दिलं. त्याच महिन्यात पोलिसांनी गाव रिकामं केलं.

कोणी खोटं बोलत होतं, असं यातून निघत नाही. वीजकेंद्रं वर्षाला किती तास चालतील, गॅसचा दर काय राहील, पवनचक्क्या किती वेगाने उभ्या राहतील, ही गृहीतकं बदलली की निष्कर्ष बदलतो. म्हणून अहवालाचा सारांश वाचून थांबू नका, गृहीतकांचं पान उघडा. खरं भांडण त्या पानावर असतं.

‘तातडीची गरज’ हे कारण पुढे आलं की गट काय तपासतात?

कराराची मुदत. दक्षिण आफ्रिकेत भारनियमनाने लोक हैराण झाले होते. सरकारने तातडीच्या विजेसाठी निविदा काढल्या आणि २०२१ मध्ये कारपॉवरशिप या कंपनीला तीन बंदरांत तरंगती गॅस वीजकेंद्रं उभी करण्यासाठी निवडलं. एकूण १,२२० मेगावॉट, मुदत २० वर्षं. ‘द ग्रीन कनेक्शन’सारख्या गटांनी आधी मुदतीवर बोट ठेवलं आणि मग पर्यावरण अहवालावर. जहाजांचा आवाज पाण्याखाली माशांवर आणि समुद्री सस्तन प्राण्यांवर काय परिणाम करेल, याचा नीट अभ्यास झाला नव्हता. किनाऱ्यावरच्या छोट्या मच्छीमारांशी धड बोलणंही झालं नव्हतं. जून २०२१ मध्ये पर्यावरण खात्याने परवानगी नाकारली ती मुख्यतः याच त्रुटींमुळे. पुढे २०२३ मध्ये रिचर्ड्स बे बंदरासाठी परवानगी मिळाली. मधल्या दोन वर्षांत मात्र ‘तातडी आणि वीस वर्षं एकत्र कशी?’ हा प्रश्न देशभर विचारला गेला.

इथे मच्छीमारांचं ज्ञान तज्ज्ञांच्या ज्ञानाइतकंच कामी आलं, हे मुद्दाम सांगायला हवं. कोणता मासा कोणत्या महिन्यात कुठे येतो, याची त्यांच्याइतकी बारीक माहिती दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

भारतातलं एखादं उदाहरण?

हसदेव अरण्य. २९ एप्रिल २०२२ रोजी देशाची विजेची मागणी सुमारे २ लाख ७ हजार मेगावॉटवर गेली. वीजकेंद्रांकडचे साठे घटले आणि कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून प्रवासी गाड्या रद्द झाल्या. त्याच सुमारास राजस्थानची वीजटंचाई पुढे करून छत्तीसगडमधल्या हसदेव अरण्यातल्या परसा खाणीला अंतिम मंजुरी मिळाली.

खरं तर २०२१-२२ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा वाढून सुमारे ७७.७ कोटी टनांवर गेलं होतं. दुखणं खाणींच्या संख्येत नव्हतं. कोळसा वेळेवर साठवण्यात आणि पोचवण्यात होतं, हे ‘क्रिया’सारख्या संस्थांनी मांडलं. हसदेवच्या गावकऱ्यांनी याला आणखी तीन प्रकारच्या ज्ञानाची जोड दिली. एक, ग्रामसभांचे ठराव आणि त्यांतल्या गैरप्रकारांच्या तक्रारी. दोन, भारतीय वन्यजीव संस्थेचा २०२१ चा अहवाल. देशातल्या एक टक्क्याहूनही कमी हत्ती छत्तीसगडमध्ये असूनही हत्ती-मानव संघर्षातल्या १५ टक्क्यांहून जास्त मृत्यू याच राज्यात होतात, असं त्यात नोंदवलं होतं आणि नव्या खाणी नकोत, असं स्पष्ट म्हटलं होतं. तीन, पाय. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोक सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला गेले होते. जुलै २०२२ मध्ये छत्तीसगड विधानसभेने हसदेवमधले सगळे कोळसा ब्लॉक रद्द करावेत असा ठराव केला. चळवळीचे आलोक शुक्ला यांना २०२४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये शेजारच्या खाणीच्या विस्तारासाठी वृक्षतोड झालीच.

न्यायालयात जाणं हाही ज्ञानाचाच वापर का?

हो, कारण तिथे सरकारला आपला हिशेब उघडा करावा लागतो. ब्रिटनमध्ये ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’, ‘क्लायंटअर्थ’ आणि ‘गुड लॉ प्रोजेक्ट’ यांनी सरकारच्या नेट झिरो (निव्वळ शून्य उत्सर्जन) धोरणाला आव्हान दिलं. सुनावणीत उघड झालं की मोजता येणाऱ्या उपायांमधून सहाव्या कार्बन अंदाजपत्रकाची, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी कायद्याने घातलेल्या उत्सर्जनमर्यादेची, गरज ९५ टक्केच भागत होती. उरलेल्या पाच टक्क्यांचं काय, हे ना मंत्र्यांना नीट सांगितलं होतं, ना संसदेला. जुलै २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं. त्या वेळी देश विक्रमी उष्णतेने भाजत होता आणि वीजबिलांनी हबकला होता.

सरकारी समितीत बसावं की बाहेर राहून बोलावं?

याला कायमचं उत्तर नाही. आत बसलं की मसुदा आधी दिसतो, आकडे मिळतात. पण निर्णय आधीच ठरलेला असेल, तर आपलं नाव फक्त शिक्क्यासारखं वापरलं जातं. युरोपीय संघाने गॅस आणि अणुऊर्जा यांना हरित गुंतवणुकीच्या यादीत घेतलं. तज्ज्ञ मंडळाचा सल्ला डावलला जातोय, असं म्हणत डब्ल्यूडब्ल्यूएफ, ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट’ आणि इतर काही संघटना २०२२ मध्ये त्या मंडळातून बाहेर पडल्या. मला त्यांचा बाहेर पडण्याचा निर्णय योग्य वाटतो.

आणखी एक मार्ग आहे: ज्या संस्थेचं सरकारं ऐकतात, तिचीच मांडणी बदलायला लावायची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, म्हणजे आयईए, ही १९७४ मध्ये तेलसंकटातूनच जन्मली. तिचे अंदाज पॅरिस कराराशी जुळत नाहीत, असं ‘ऑइल चेंज इंटरनॅशनल’ने २०१८ पासून सतत दाखवलं. मे २०२१ मध्ये आयईएनेच जाहीर केलं की २०५० च्या नेट झिरोच्या वाटेवर, तोवर मंजूर झालेल्यांपलीकडे नव्या तेल-गॅस क्षेत्रांची गरज नाही. २०२२ मध्ये हे वाक्य जगभरच्या गटांच्या हातात होतं, आणि ते गटांचं नव्हे तर आयईएचं वाक्य होतं. म्हणूनच त्याला वजन आलं.

हे गट चुकत नाहीत का?

चुकतात. १९९५ मध्ये उत्तर समुद्रातल्या ब्रेंट स्पार ही तेल साठवण्याची तरंगती टाकी बुडवायला ग्रीनपीसने विरोध केला. आत पाच हजार टनांहून जास्त तेल शिल्लक असल्याचं सांगितलं. नमुना मात्र टाकीतून न घेता टाकीकडे जाणाऱ्या नळीतून घेतला गेला होता. प्रत्यक्षातलं तेल फारच कमी होतं. ग्रीनपीसने सप्टेंबरमध्ये जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच झालं, पण त्या चुकीचा दाखला आजही दिला जातो. घाईघाईत काढलेला एक आकडा पुढच्या दहा बरोबर आकड्यांना मारक ठरतो. उलट बाजूही सांगायला हवी: सौर आणि पवन ऊर्जेच्या वाढीबाबत ग्रीनपीसचे जुने अंदाज आयईएच्या अंदाजांपेक्षा वास्तवाच्या जास्त जवळ निघाले.

अणुऊर्जेवर सगळ्या पर्यावरण गटांचं एकमत आहे का?

मुळीच नाही. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन अणुकेंद्रावरचा वाद हे पर्यावरणवादी डेव्हिड ब्राउअर सिएरा क्लब या अमेरिकी पर्यावरण संघटनेतून बाहेर पडण्याचं एक कारण होतं, आणि १९६९ मध्ये त्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ स्थापन केली. २०१६ मध्ये तेच केंद्र २०२५ पर्यंत बंद करण्याचा समझोता झाला. त्यामागे बचत आणि नवीकरणीय ऊर्जा पुरेशी ठरेल हा हिशेब होता. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला राज्याने त्याला २०३० पर्यंत मुदतवाढ दिली आणि त्याच सुमाराच्या उष्णतेच्या लाटेत वीजजाळं कोलमडायच्या बेतात आलं. या वेळी काही पर्यावरणवादी मुदतवाढीच्या बाजूने होते. जर्मनीनेही आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या काही महिने लांबवून एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्या. कोळसा जळत असताना अणुभट्ट्या आधी बंद करणं शहाणपणाचं होतं का, यावर तिथले हवामान कार्यकर्तेही एका सुरात बोलत नाहीत.

अखेर या सगळ्याचा उपयोग किती होतो?

अनेकदा संकटाच्या दिवसांत कमी आणि नंतर जास्त. ब्रिटनमध्ये २०१३ च्या सुमारास बिलं कमी करण्याच्या नावाखाली घरांच्या उष्णतारोधनाच्या योजना छाटल्या गेल्या आणि भिंती-छपरांच्या उष्णतारोधनाच्या कामांची संख्या कोसळली. पुढे चूक ठरेल, असं गट तेव्हाही ओरडून सांगत होते. २०२२ च्या सुरुवातीला ‘कार्बन ब्रीफ’ या हवामानविषयक संकेतस्थळाने हिशेब मांडला: त्या वेळी हरित योजनांत केलेल्या कपातींमुळे देशाच्या ऊर्जाबिलांत सुमारे अडीच अब्ज पौंडांची भर पडली होती.

गॅस टर्मिनलच्या बाबतीत तर वाट फार बघावी लागली नाही. विल्हेल्म्सहाफेनच्या जहाजातून समुद्रात जाणाऱ्या क्लोरिनविरुद्ध आणि २०४३ पर्यंतच्या परवान्याविरुद्ध ‘डॉइचे उमवेल्टहिल्फे’ ही पर्यावरण संघटना सुरुवातीपासून भांडत होती. एवढी क्षमता लागणारच नाही, असं ती सांगत होती. युरोपचा गॅसवापर घटत गेला. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत युरोपीय संघातली द्रवरूप गॅस टर्मिनलं सरासरी निम्म्याहूनही कमी क्षमतेने चालली. काही नवी टर्मिनलं रद्द झाली, काही लांबली. बाकीची बांधून झाली आहेत आणि त्यांचे परवाने अजून चालू आहेत.